चालवण्याआधी उत्तर लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहात. वर्गात ऑटोमाटा (कल्पित यंत्रांचा सिद्धांत), ऑपरेटिंग सिस्टीम आणि डिस्क्रीट मॅथ्स चालू आहे. बरोबरचे मित्र मात्र वेब फ्रेमवर्क शिकून प्रोजेक्ट दाखवतायत. आपलं गणित कच्चं आहे असं तुम्हाला वाटतं आणि ऑटोमाटाचा उपयोग काय हेही कळत नाही. शिवाय कोड तर आता एआयच लिहितो. मग वेळ नेमका कशावर घालवायचा?

मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. त्यातली बरीच वर्षं बंद पडलेलं सॉफ्टवेअर चालू करण्यात गेली. अधूनमधून शिकवतोही. फ्रेमवर्क की मूलतत्त्वं, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंनी नुसतं घोकता येतं. मी एक सवय सुचवतो आणि बाकीचं तिच्या आधाराने बोलतो. कुठलाही प्रोग्राम चालवण्याआधी तो काय छापेल, किती वेळ घेईल आणि किती मेमरी खाईल, हे कागदावर लिहा. मग चालवा. अंदाज चुकला तर तो का चुकला हे सापडेपर्यंत पुढच्या कामाला हात लावू नका.

ऐकायला हे बाळबोध वाटेल, म्हणून एक प्रयोग सांगतो. सी भाषेत दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभांचा पूर्णांकांचा अ‍ॅरे घ्या आणि सगळ्या आकड्यांची बेरीज करा. एकदा ओळीमागून ओळ घेत, एकदा स्तंभामागून स्तंभ घेत. दोन्ही वेळा दहा कोटी आकडे आणि दहा कोटी बेरजा. अल्गोरिदमच्या पेपरात दोन्हींचं उत्तर एकच: ऑर्डर एन स्क्वेअर, म्हणजे पावलं एनच्या वर्गाच्या पटीत. आता लिहा, वेळेत फरक किती पडेल? मी ज्यांना ज्यांना हे विचारलंय, त्यांतले बहुतेक 'काहीच नाही' असं लिहितात. प्रत्यक्षात स्तंभांचा लूप कित्येक पट हळू चालतो.

कारण असं, की प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही, अख्खा तुकडा उचलतो. बऱ्याच प्रोसेसरांत हा तुकडा ६४ बाइटांचा असतो. पूर्णांक चार बाइटांचा धरला, तर एका खेपेत सोळा आकडे येतात. ओळीने गेलात तर सोळाच्या सोळा कामी येतात. स्तंभाने गेलात तर त्यातला एकच वापरता, आणि बाकीच्या पंधरांची पाळी येईपर्यंत तो तुकडा सर्वांत जवळच्या कॅशेमधून (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीतून) हाकलला गेलेला असतो. त्या कॅशेतला आकडा एखाद-दोन नॅनोसेकंदांत मिळतो, मुख्य मेमरीतला आणायला शंभरच्या आसपास लागतात. एन स्क्वेअर खोटं नाही, पण ते फक्त पावलं मोजतं. एक पाऊल किती लांब पडतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

हा प्रयोग खरंच करून बघाल तर वाटेत तीन खड्डे लागतील, आणि मला तेच जास्त आवडतात. अ‍ॅरे फंक्शनच्या आत साधेपणाने जाहीर केलात तर प्रोग्राम सुरू होताच कोसळेल. त्याला ४० कोटी बाइट हवेत आणि लिनक्सवर स्टॅकला (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलसाठी राखलेल्या मेमरीला) सहसा ८ मेगाबाइटच मिळतात. मेमरी वेगळी मागून घेतलीत, पण तिच्यात काहीच न भरता थेट वाचायला लागलात, तर ऑपरेटिंग सिस्टीम लबाडी करते. शून्यांनी भरलेलं एकच पान ती सगळीकडे दाखवत राहते आणि तुमचं मोजमाप खोटं ठरतं. आणि शेवटी बेरीज छापायची विसरलात, तर 'हे उत्तर कुणालाच नको आहे' असं ठरवून कंपायलर अख्खा लूप उडवून देऊ शकतो. मग दोन्हींचा वेळ शून्य येतो आणि माणूस चक्रावतो. पहिल्या खड्ड्यामागे स्टॅक आहे, दुसऱ्यामागे व्हर्च्युअल मेमरी, तिसऱ्यामागे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन. तीस-चाळीस ओळींचा प्रोग्राम आणि त्यात तीन पेपर दडलेले. हे तुम्हाला वेगवेगळ्या सेमिस्टरला, वेगवेगळ्या शिक्षकांकडून आणि एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे शिकवतात, ही आपल्या शिक्षणाची जुनी खोड आहे. ते धागे जोडण्याचं काम विद्यार्थ्यावरच पडतं.

पण मग कॅशेच सगळं आणि अल्गोरिदम दुय्यम, असंही समजू नका. सुरुवातीच्या एका नोकरीत मी दोन याद्या जुळवणारा प्रोग्राम लिहिला होता, रोज रात्री आपोआप चालणारा. पहिल्या यादीतली प्रत्येक नोंद दुसऱ्या यादीत सुरुवातीपासून शोधायची, इतका सरळ. तेव्हा दोन्हीकडे दोन-दोन हजार नोंदी होत्या, म्हणजे फार तर चाळीस लाख तुलना. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम संपायचं. काही वर्षांत नोंदी दोन-दोन लाख झाल्या. डेटा शंभरपट वाढला, तुलना मात्र दहा हजारपट वाढून चार हजार कोटींवर गेल्या, आणि एका सकाळी लोक कामाला आले तरी रात्रीचा प्रोग्राम चालूच होता. दुप्पट वेगाचं मशीन घ्यावं असा प्रस्ताव बैठकीत आला. त्याने वेळ निम्मा झाला असता आणि नोंदी आणखी थोड्या वाढल्या की आम्ही पुन्हा तिथेच आलो असतो. शेवटी एक यादी हॅश टेबलमध्ये भरली, जिथे नोंद यादी न चाळता थेट सापडते. पाच-सात ओळींचा बदल. लिहितानाच मी कागदावर 'नोंदी शंभरपट झाल्या तर?' असा एक प्रश्न टाकला असता, तर ती सकाळ उजाडलीच नसती.

आता गणित. 'कच्चं आहे' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी पुढचा प्रश्न देतो. प्रत्येक नोंदीला ३२ बिटांचा यादृच्छिक क्रमांक द्यायचा आहे. पर्याय सुमारे ४२९ कोटी. किती नोंदींनंतर दोघांना एकच क्रमांक मिळण्याची शक्यता निम्मी होईल? अंदाज लिहा. कोणी दोनशे कोटी म्हणतं, कोणी एक कोटी. उत्तर आहे सुमारे ७७ हजार. २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तोच हा हिशेब. महत्त्वाची गोष्ट नोंदींची संख्या नसून जोड्यांची संख्या आहे, आणि जोड्या वर्गाच्या पटीत वाढतात. हे ज्याला माहीत नाही तो '४२९ कोटी म्हणजे भरपूर झाले' असं म्हणून प्रणाली उभी करतो, आणि काही महिन्यांनी एकाची माहिती दुसऱ्याला दिसू लागते. संभाव्यतेचा अभ्यास मी याला म्हणतो. सूत्रं पाठ नसली तरी चालतील.

इंडक्शनचंही तसंच. वर्गात १ पासून एनपर्यंतची बेरीज सिद्ध करायला लावतात आणि मुलं कंटाळतात. पण लूप बरोबर आहे हे पटवून देण्याची पद्धत म्हणजे इंडक्शनच: प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कोणती गोष्ट खरी असते ते सांगा, आणि एका फेरीनंतरही ती खरी राहते हे दाखवा. बायनरी सर्चवर, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्यावर, हे करून बघा. मात्र सिद्धता कशावर उभी आहे तेही तपासा. जावाच्या प्रमाणित लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक लपून होती. ती २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केली. मधला इंडेक्स काढताना दोन टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागलं होतं. गणितात हे अगदी बरोबर आहे. पण अ‍ॅरेत १०७ कोटींहून अधिक घटक असले, की ही बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि ऋण होऊन बसते. खालच्या टोकात दोन टोकांमधल्या अंतराचं निम्मं मिळवलं की प्रश्न मिटतो. सिद्धतेत चूक नव्हती, तिच्यातले पूर्णांक अमर्याद होते एवढंच. मशीनमधले तसे नसतात.

अपूर्णांकांची गत आणखी वाईट. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांत नेमकी ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थळी एक ४ डोकावतो, कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) कधीच पूर्ण लिहून होत नाही. गंमत म्हणून लोक हे एकमेकांना दाखवतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेत याच ०.१ ची २४ बिटांत छाटलेली किंमत होती. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिली, घड्याळात सुमारे ०.३४ सेकंदांची तफावत साचली, येणारं क्षेपणास्त्र चुकीच्या जागी शोधलं गेलं आणि २८ सैनिक मेले.

ऑटोमाटाचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न मीही विद्यार्थी असताना विचारला होता आणि मला 'कंपायलरमध्ये लागतं' एवढंच सांगण्यात आलं होतं. त्यापेक्षा चांगलं उत्तर २ जुलै २०१९ ला मिळालं. क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या सुरक्षा नियमांमध्ये एक नवा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना, टाकला. तो काही मजकुरांवर इतक्या वाटा चाचपत बसायचा, की जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर शंभर टक्के त्यातच अडकले आणि असंख्य संकेतस्थळं सुमारे २७ मिनिटं बंद पडली. बॅकट्रॅकिंग करणारं इंजिन एक वाट चुकली की मागे येऊन दुसरी धरतं, आणि वाटांची संख्या मजकुराच्या लांबीबरोबर भयानक वेगाने वाढू शकते. तोच नमुना मर्यादित अवस्थांच्या यंत्रात बदलून चालवला, तर मजकुराचं प्रत्येक अक्षर एकदाच वाचलं जातं. ही पद्धत केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच प्रसिद्ध केली होती. म्हणजे तुमच्या पुस्तकातलं एनएफएचं (अशा यंत्राच्या एका प्रकाराचं) प्रकरण, जे मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. जुळणारे कंस अशा यंत्राला का मोजता येत नाहीत हेही समजून घ्या, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनने अख्खं एचटीएमएल वाचायच्या भानगडीत पडणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एकच काम सांगतो: स्वतःचा छोटा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, लिहा. आज्ञा वाचायची, फोर्कने नवी प्रोसेस करायची, एक्झेकने तिच्यात प्रोग्राम भरायचा, तो संपेपर्यंत थांबायचं. दोनशे ओळींत होतं. मग त्यात डिरेक्टरी बदलण्याची सीडी ही आज्ञा चालवून बघा. चालणार नाही. म्हणजे चूक काहीच दाखवणार नाही, फक्त तुम्ही होतात तिथेच राहाल. का, हे आधी स्वतः शोधा, मी सांगितलं तर मजा जाईल. इतकीच सूचना देतो, की मुलाने घर बदललं म्हणून वडिलांचा पत्ता बदलत नाही. त्यानंतर एमआयटीने शिकवण्यासाठी तयार केलेली एक्सव्ही६ ही ऑपरेटिंग सिस्टीम वाचा. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या घाटावर बेतलेली आहे आणि काही हजार ओळींतच आहे, म्हणजे एक माणूस एका सेमिस्टरमध्ये पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू शकेल इतकी. दुसऱ्याचा चांगला कोड वाचायला कुठल्याच अभ्यासक्रमात गुण नाहीत. नोकरीत मात्र लिहिण्यापेक्षा वाचणंच जास्त असतं.

नेटवर्कमध्ये टीसीपी या इंटरनेटच्या नियमावलीच्या हेडरमधले रकाने पाठ करण्यात मला तरी राम वाटत नाही. त्याऐवजी ऑक्टोबर १९८६ मध्ये काय झालं ते वाचा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचंच बर्कली विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार तुटलेली नव्हती. पॅकेट (पाठवलेल्या माहितीचा तुकडा) हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवत होता, त्यामुळे गर्दी वाढत होती, गर्दीमुळे आणखी पॅकेट हरवत होती. प्रत्येक संगणक आपापल्या जागी शहाण्यासारखा वागत होता आणि सगळे मिळून गाळात रुतत होते. यावर व्हॅन जेकबसन यांनी केलेले उपाय, सावकाश सुरुवात करणं आणि पॅकेट हरवलं की माघार घेणं, आजही टीसीपीमध्ये आहेत. आणि एखादी सेवा कोलमडल्यावर तिचे सगळे ग्राहक एकदम पुन्हा-पुन्हा प्रयत्न करून तिला उठूच देत नाहीत, हे दृश्य मी नोकरीत कितीतरी वेळा पाहिलंय. नावं बदलतात, रोग तोच.

डेटाबेसचं थोडक्यात: की आणि व्हॅल्यू फाइलमध्ये साठवणारा छोटा प्रोग्राम लिहा आणि लिहिता-लिहिता तो मध्येच मारून टाका. परत चालू केल्यावर काय उरेल, हे आधी लिहा. प्रोसेस मारणं आणि वीज जाणं यांत फरक का आहे, हा प्रश्न सुटला की ट्रान्झॅक्शनच्या (बदल एकतर पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, याच्या) प्रकरणाची निम्मी वाट चाललात.

आता एआय. हो, तो कोड लिहितो. बायनरी सर्च, शेल, तुमचा असाइनमेंट, सगळं काही सेकंदांत. म्हणूनच असाइनमेंट जमा करणं हा शिकल्याचा पुरावा आता राहिलेला नाही. सक्तमनाई करा असं मी सांगणार नाही, मी स्वतः रोज वापरतो. फक्त क्रम सांभाळा. आधी स्वतः अडका, निदान तासभर. मग विचारा. उत्तर मिळालं की ते चालवायच्या आधी तुमचा अंदाज लिहा: हा कोड कुठल्या इनपुटवर फसेल? रिकामी यादी, एकच घटक, सगळे सारखे, प्रचंड मोठा आकडा. मी हाताखालच्या नव्या लोकांत एक फरक पाहतो. काही जण एआयचा कोड चुकल्यावर पुन्हा एआयलाच विचारतात, मग पुन्हा, आणि संध्याकाळपर्यंत तीन वेगळ्या चुका जमा करतात. काही जण डीबगर लावतात, व्हेरिएबलची किंमत कुठल्या ओळीवर अपेक्षेपेक्षा वेगळी झाली ते बघतात आणि अर्ध्या तासात मोकळे होतात. दुसऱ्या गटाकडे 'अपेक्षा' नावाची गोष्ट असते. अपेक्षा नसेल तर डीबगरच्या पडद्यावर नुसते आकडे दिसतात.

मित्रांच्या वेब प्रोजेक्टना नावं ठेवू नका. तुम्हीही एक करा, आणि तो खऱ्या चार माणसांना वापरायला द्या. माणसं तुमच्या अंदाजाबाहेर वागतात, नावाच्या रकान्यात इमोजी टाकतात, बटण दोनदा दाबतात. दोनदा दाबल्यावर नोंद दोनदा झाली, तर तिथून तुम्ही सरळ ट्रान्झॅक्शनच्या प्रकरणात पोचता. एकच प्रोजेक्ट वर्षभर जगवलात, तर दर महिन्याला नवा सुरू करण्यापेक्षा जास्त शिकाल, कारण सहा महिन्यांपूर्वीचा स्वतःचा कोड वाचताना येणारी लाज दुसरं कोणी शिकवू शकत नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापरा आणि कमिटच्या (प्रत्येक नोंदीच्या) संदेशात 'बदल केले' असं लिहू नका, का केले ते लिहा.

भाषा कोणती, यावर मी फार वेळ घालवणार नाही. एक खालच्या थराची, सी चालेल. एक सोयीची, पायथन चालेल. तिसरी गरज पडेल तेव्हा. स्पर्धात्मक प्रोग्रामिंग आवडत असेल तर जरूर करा, हात चांगला बसतो. पण त्यात प्रश्न कोणीतरी नीट मांडून दिलेला असतो आणि उत्तर आहे याची खात्री असते. कामावर हे दोन्ही नसतं. प्रमाणपत्रांचा ढीग मुलाखतीत मी तरी बघत नाही. 'तुम्ही शोधलेली सर्वांत चिवट चूक सांगा' असं विचारतो आणि मग गप्प बसतो. ज्याने खरंच शोधली आहे तो दहा मिनिटं बोलायचा थांबत नाही.

परीक्षेचे गुण सांभाळा, त्यात कमीपणा नाही. काही दरवाजे त्यांच्याशिवाय उघडत नाहीत. मात्र सगळ्याच विषयांत सारखी मेहनत करायची गरज नाही. दर सेमिस्टरला एक विषय निवडा आणि त्यात लॅबच्या मागणीपेक्षा एक पायरी खाली जा, बाकीच्यांत व्यवस्थित पास व्हा. या सेमिस्टरला तुमच्याकडे ऑपरेटिंग सिस्टीम आहेच, तर शेल घ्या. सीडीचं कोडं सुटलं की त्यात पाइप जोडा: दोन प्रोग्राम, एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. पहिल्याच प्रयत्नात बहुधा दुसरा प्रोग्राम कधी संपणारच नाही, नुसता वाट बघत बसेल. असं झालं, तर पाइपचं लिहिण्याचं टोक अजून कुणाकुणाच्या हातात उघडं आहे ते मोजा. मोजताना स्वतःच्या शेलला विसरू नका.